वजनकाट्याच्या जोडीला टेपही हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या आरोग्यविषयक पानावर नुकताच उंची आणि वजनाचा एक तक्ता प्रसिद्ध झाला. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, १८.५ ते २४.९ या दरम्यान असेल तर वजन योग्य समजावे आणि २५ च्या पुढे गेल्यास सावध व्हावे, असे त्याखाली म्हटले होते. असे तक्ते कात्रीने कापून कपाटाच्या दाराला चिकटवणारी अनेक घरे मी पाहिली आहेत आणि त्या तक्त्यात आपला आकडा 'योग्य' रकान्यात बसला की पुढची दहा वर्षे निर्धास्त राहणारी माणसेही पाहिली आहेत. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. मी पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ३१ वर्षे आधी आरोग्यसेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून काम करून निवृत्त झाले. या काळात वजनकाटा आणि टेप या दोन्ही वस्तू माझ्या पिशवीत असत, पण मोठ्या माणसांसाठी टेप बाहेर काढायला मी फार उशिरा शिकले.

प्रथम तक्त्यातील आकड्याविषयी लिहिते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. हे गणित बेल्जियमच्या अॅडॉल्फ क्वेतले यांनी १८३२ च्या सुमारास मांडले. ते डॉक्टर नव्हते, खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्यांचे विषय होते आणि एका माणसाचा आजार ओळखणे हा त्यांचा हेतूच नव्हता, तर समाजातील 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्यांना आकड्यांत पकडायचे होते. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेच्या अॅन्सल कीज यांनी या गुणोत्तराला आजचे नाव दिले, आणि ज्या अभ्यासाच्या आधारे दिले त्यात केवळ पुरुषांची मोजमापे होती. साधा, बिनखर्चाचा आणि हजारो लोकांची तुलना करायला सोयीचा म्हणून हा निर्देशांक जगभर रुळला. मी त्याला टाकाऊ म्हणत नाही. परंतु २५ ही मर्यादा आपल्याकडच्या शरीराला लागू पडत नाही, हे तज्ज्ञांनी सांगूनही आता वीस वर्षे होऊन गेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी २३ पासून सावध होण्याची आणि २७.५ पासून जास्त धोका समजण्याची शिफारस केली. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने ठरवलेल्या मापांनुसार २३ ते २४.९ हे जास्त वजन आणि २५ किंवा त्याहून अधिक म्हणजे स्थूलता. आपल्या तक्त्यात मात्र २४.९ पर्यंत सगळे हिरवे दाखवले आहे.

तरीही केवळ २५ च्या जागी २३ लिहून काम भागत नाही, आणि हेच मला मुख्यतः सांगायचे आहे. काटा शरीरात एकूण किती भार आहे ते सांगतो, तो भार हाडाचा आहे, स्नायूचा आहे की चरबीचा, आणि चरबीचा असेल तर ती मांड्यांवर आहे की पोटात आतड्या-यकृताभोवती साचली आहे, हे काट्याला कळण्याचा मार्गच नाही. जे आजार आपण वजनाशी जोडतो, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि यकृतावरची चरबी, त्यांचा संबंध या पोटातल्या चरबीशी अधिक जवळचा आहे. त्वचेखालची चरबी हे एका अर्थी शरीराचे कोठार असते. ते कोठार अपुरे पडले की उरलेली चरबी यकृतात, स्वादुपिंडाभोवती आणि स्नायूंत जाऊन बसते, मग इन्सुलिन असूनही त्याचा परिणाम पेशींवर पुरेसा होत नाही आणि रक्तातली साखर हळूहळू वर सरकू लागते. हे कोठार प्रत्येकाचे सारखे नसते आणि आपल्या लोकांचे बऱ्याचदा लहान असते.

या बाबतीत पुण्याने जगाला एक मोठी गोष्ट दाखवून दिली आहे आणि आपल्या वाचकांना तिची माहिती कमी आहे याचे मला नेहमी वाईट वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघे शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोघांचाही बीएमआय अगदी तंतोतंत सारखा, २२.३. आपल्या तक्त्याप्रमाणे दोघेही 'योग्य'. पण शरीरातील चरबीचे प्रमाण यंत्राने मोजले तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के निघाले आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास चालवला, त्यात याचे मूळ जन्माच्याही आधी असल्याचे दिसले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधली ३.५ किलोची, परंतु पुण्याकडच्या या किरकोळ बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव जितके लहान होते, तितकी पाठीवरच्या त्वचेखालची चरबी कमी नव्हती. वजनाने हलके आणि तरीही चरबीने तुलनेने भरलेले, असे हे शरीर पुढे चाळिशीला पोचले की आपण त्याला 'बारीकच आहे की' म्हणून सोडून देतो.

माझ्या घरातही नेमके हेच झाले. माझा धाकटा भाऊ एका संस्थेत कारकून आहे. त्याच्या कार्यालयात आरोग्य शिबिर झाले तेव्हा तो ४६ वर्षांचा होता, उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो. बीएमआय २२.८ आला. कार्डावर 'सामान्य' असा हिरवा शिक्का बसला आणि, खरी चूक इथे झाली, पुढच्या टेबलावर रक्ततपासणीसाठी केवळ बीएमआय २५ च्या वर असणाऱ्यांनाच पाठवले गेले. आमच्या वडिलांना मधुमेह होता हे त्याला कोणी विचारले नाही आणि त्याची कंबरही कोणी मोजली नाही. त्यानंतर साधारण सव्वा वर्षाने चपलेने झालेली एक साधी जखम महिनाभर भरेना, तेव्हा डॉक्टरांनी साखर तपासली आणि उपाशीपोटीची साखर २१२ निघाली. भाऊबीजेला तो माझ्याकडे आला असता ओवाळून झाल्यावर मी पिशवीतली टेप काढली. तो म्हणाला, "ताई, मोजायचं काय त्यात, माझी पँट बत्तीसची आहे." मी त्याला शर्ट वर करून उभे राहायला सांगितले. कंबर ९४ सेंटिमीटर भरली, म्हणजे ३७ इंच. बत्तीसची पँट तो वर्षानुवर्षे घालत होता, कारण पोट जसजसे पुढे येत गेले तसतसा पट्टा खाली सरकत गेला होता. मी त्याची सख्खी बहीण, जन्मभर मोजमापे घेणारी, आणि दर दिवाळीला त्याला पाटावर बसलेला पाहूनही ते पोट माझ्या डोळ्यांना कधी दिसले नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

कमरेच्या घेराची आपल्याकडची मर्यादा अशी आहे: पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर. पाश्चात्त्य देशांत वापरल्या जाणाऱ्या काही मर्यादा याहून सैल आहेत, त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर वाचलेला १०२ किंवा ८८ चा आकडा आपल्या समाधानासाठी वापरू नये. कमरेचा आणि नितंबांचा घेर मोजून त्यांचे गुणोत्तरही काढतात आणि ते पुरुषांत ०.९० व स्त्रियांत ०.८५ किंवा त्याहून जास्त आले तर धोका वाढलेला समजतात. ५२ देशांतील सुमारे २७ हजार लोकांच्या मोजमापांवर आधारलेला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हृदयविकाराच्या झटक्याशी या गुणोत्तराचा संबंध बीएमआयपेक्षा अधिक घट्ट आढळला. आपल्या देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, कंबर आणि नितंब प्रथमच मोजले गेले. बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असणाऱ्या स्त्रिया २४ टक्के आणि पुरुष २२.९ टक्के निघाले, आणि गुणोत्तराप्रमाणे धोक्यात असणाऱ्या स्त्रिया मात्र ५६.७ टक्के आणि पुरुष ४७.७ टक्के. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेहविषयक अभ्यासातही बीएमआयप्रमाणे स्थूल २८.६ टक्के आणि पोटाच्या घेराप्रमाणे स्थूल ३९.५ टक्के, असेच अंतर आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत माझ्या भावासारखी कोट्यवधी माणसे उभी आहेत आणि ती एकाही लठ्ठपणाच्या जाहिरातीतल्या माणसासारखी दिसत नाहीत.

हे सगळे सरकारी यंत्रणेला ठाऊक नाही असे मुळीच नाही, हे मी अनुभवाने सांगते. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी जाऊन 'सीबॅक' नावाचा आजारांचा धोका जोखणारा जो फॉर्म भरतात, त्यात वजनाचा रकाना नाही, कमरेचा आहे. स्त्रीची कंबर ८० पर्यंत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक आणि त्यापुढे दोन. पुरुषांसाठी हेच टप्पे ९० आणि १०० ला आहेत. वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातील आजार यांचे गुण मिळवून बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने आणायचे असते. चेन्नईच्या मधुमेहतज्ज्ञांनी तयार केलेल्या आणि देशभर वापरल्या जाणाऱ्या गुणपत्रिकेतही वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह एवढ्याच चार गोष्टी विचारतात, वजन विचारतच नाहीत. म्हणजे खेड्यातल्या आशाताईच्या फॉर्ममध्ये जे आहे, ते शहरातल्या झगमगीत शिबिरांच्या कार्डावर नाही. वातानुकूलित मंडपात काटा असतो, उंचीची पट्टी असते, कधी कधी हातात धरून चरबीचे टक्के सांगणारे यंत्रही असते, ज्याचा आकडा पाणी किती प्यायले यावरसुद्धा बदलतो, पण पंधरा-वीस रुपयांची टेप नसते.

टेप नसण्याचे एक कारण मला चांगले माहीत आहे. कंबर मोजणे हे वजन करण्यापेक्षा अवघड आणि संकोचाचे काम आहे. वजनकाट्यावर माणूस स्वतः उभा राहतो, टेपसाठी त्याला हात लावावा लागतो. गावात एखाद्या ओट्यावर बायकांची मापे घेताना समोर सासरे बसलेले असत, रस्त्याने माणसे जात असत आणि मग लुगड्यावरूनच टेप फिरवून आकडा लिहिला जाई. निऱ्या खोचलेल्या असतात त्या जागी कापडाच्या सात-आठ घड्या असतात, त्या दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढवतात, आणि परकराची नाडी आवळलेली असते ती पोटाला खालून दाबून माप बिघडवते. मी स्वतः सुरुवातीला अशी कितीतरी चुकीची मापे लिहिली आहेत. पुढे एका बाळंतिणीच्या सासूने, "नर्सबाई, आत या, मी दार लावते," असे म्हणून मला आतल्या खोलीत नेले आणि त्या दिवसापासून मी दार लावल्याशिवाय माप घेणे सोडून दिले. शिबिरात चार बांबू आणि एक पडदा एवढ्याने ही अडचण सुटते.

माप घेण्याची रीत वाचकांनी नीट समजून घ्यावी. कमरेची जागा म्हणजे पँटचा पट्टा नव्हे आणि बेंबीही नव्हे, कारण सुटलेल्या पोटावर बेंबी खाली उतरते. कुशीत हात लावून शेवटची बरगडी चाचपावी, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपावी, आणि या दोहोंच्या बरोबर मध्ये, कपडे बाजूला करून आणि नाडी सैल करून, टेप ठेवावी. पाय जुळवून, हात सैल सोडून ताठ उभे राहावे. टेप मागे वर आणि पुढे खाली अशी तिरपी होते, म्हणून शक्यतो दुसऱ्याने मोजावे किंवा आरशासमोर उभे राहावे. ती अंगाला टेकावी पण रुतू नये. सहज श्वास सोडून झाला की आकडा वाचावा. माप घेताना पोट आत ओढून धरण्याची सवय पुरुषांत फार असते, त्यांना बोलण्यात गुंतवले की पोट आपोआप सैल पडते. दोनदा मोजावे आणि दोन्हीत एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजावे. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, तेव्हा वर्षातून एकदा ती लोखंडी पट्टीशी ताडून पाहावी. अंगणवाडीत बालकांचा दंडघेर मोजताना तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित, आणि ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर 'मॅम', म्हणजे मध्यम कुपोषित, असे ठरते. तिथे आम्ही अर्ध्या सेंटिमीटरसाठी वाद घालत असू, आणि मोठ्यांच्या बाबतीत मात्र पाच-पाच सेंटिमीटर अंदाजे लिहिली जात.

घेराच्या मापालाही मर्यादा आहेत. गर्भवतीला ते लागू नाही. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला नाही. मुलांसाठी वयानुसार वेगळे वाढीचे आलेख असतात आणि तेच वापरायला हवेत. वृद्धांची उंची कमी होते, स्नायू झिजतात, त्यामुळे सत्तरीच्या माणसाचे वजन घटलेले पाहून घरचे खूश होतात तेव्हा प्रत्यक्षात पोट तेवढेच राहून हातापायांच्या काड्या झालेल्या असतात. शिवाय ८० आणि ९० या मर्यादा सगळ्या उंचीच्या माणसांना एकच आहेत, ही उणीव मला कामात फार जाणवे. आपल्याकडे १४५ सेंटिमीटर उंचीच्या कितीतरी बायका आहेत. अशा बाईची कंबर ७८ असेल तर ती ८० च्या आत म्हणून सुटते, पण तिच्या उंचीच्या मानाने ती कंबर मोठीच असते. यावरचा उपाय म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवणे. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये प्रौढांना हाच सल्ला अधिकृतपणे दिला. त्या बाईसाठी निम्मी उंची ७२.५ होते आणि माझ्या भावासाठी ८२.५. याच दिशेने जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने केवळ बीएमआयवरून स्थूलतेचे निदान करू नये, त्याच्या जोडीला कमरेचे किंवा तत्सम एखादे माप घ्यावे किंवा चरबी प्रत्यक्ष मोजावी, असे सांगितले आहे.

आणि घेर जास्त भरला म्हणजे आजार झालाच, असेही कोणी समजू नये. घेर आपल्याला फक्त एवढेच सांगतो की आता साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी तपासून घ्या. वजनावरून माणसाला चारचौघांत बोलण्याची आपल्याकडची वाईट खोड आहे, तिच्यात टेपची भर पडू नये. भरल्या अंगाच्या मुलीला लग्नाच्या बैठकीत टोचून बोलणारे, तिच्याच शेजारी बसलेल्या सडपातळ मामाच्या पोटाकडे मात्र बघत नाहीत. माझ्या पाहण्यात अशा दोघांपैकी औषधाची गोळी आधी मामालाच लागलेली आहे.

माझ्या आपल्याकडे आणि आपल्यामार्फत शिबिरे भरवणाऱ्या मंडळे-संस्थांकडे दोन मागण्या आहेत. कोणाचे रक्त तपासायचे हे बीएमआयवर ठरवू नये. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची कंबर पडद्याआड मोजावी, घरातल्या मधुमेहाची चौकशी करावी, आणि या दोन्हींवरून तपासणीची चिठ्ठी द्यावी. आणि आपण तो तक्ता पुन्हा छापावा, २५ च्या जागी २३ करून, आणि त्याच्या शेजारी दोरीचे एक चित्र द्यावे. ज्यांना आकडे वाचता येत नसत त्यांच्यासाठी मी हीच रीत वापरत असे: न ताणणारी सुतळी घ्यावी, भिंतीला टेकून उभे राहून डोक्यापासून टाचेपर्यंत मापून तोडावी, बरोबर मधे दुमडावी आणि ती दुमडलेली सुतळी कमरेभोवती घ्यावी. टोके जुळून वर थोडी सुतळी उरली तर ठीक, टोकांमध्ये फट राहिली तर तपासणीला यावे. माझ्या भावाच्या सुतळीत त्या भाऊबीजेला चार बोटांहून जास्त फट होती. दीड वर्ष तो रोज चालतो आहे, औषध घेतो आहे आणि रात्रीचा भात त्याने निम्म्यावर आणला आहे. वजन जेमतेम दोन किलोंनी उतरले म्हणून तो निराश झाला होता, पण कंबर ८७ वर आली आहे आणि फट आता दोन बोटांच्या आसपास उरली आहे. ती सुतळी त्याने देवघराच्या खुंटीला टांगून ठेवली आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला माझी भावजय ती काढून मोजते.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायिका, जि. पुणे